चाकामागचा स्क्रू : जुन्या स्पोर्ट्स कारचं पुढचं सस्पेन्शन बदलताना

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय तसा हात काळे करणारा आहे. जुनी स्पोर्ट्स कार म्हटली की लोक इंजिनाबद्दल विचारतात, रंगाबद्दल विचारतात, क्रोमबद्दल विचारतात. पुढच्या चाकाच्या मागे काय चाललंय हे फारसं कुणी विचारत नाही. पण इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते, आणि पुढच्या चाकाचा सांधा तुटला तर गाडी थांबत नाही, ती भलतीकडे जाते. हा फरक मनात ठेवून आपण सुरुवात करू.

सगळ्या गाड्यांबद्दल एकदम बोललं तर हाती काही लागत नाही, म्हणून आम्ही एकच गाडी निवडली आहे : ट्रायम्फ स्पिटफायर. दोन माणसांची, उघड्या टपाची, छोटी ब्रिटिश गाडी. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ती बनत होती, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहराजवळच्या कॅनली इथल्या कारखान्यात. तीन लाखांहून जास्त बनल्या. तिचं रूप इटालियन डिझायनर जोव्हानी मिकेलोत्ती यांचं. आणि तिचं पुढचं सस्पेन्शन मात्र तिचं स्वतःचं नाही. ते आलं ट्रायम्फ हेराल्ड या साध्या घरगुती गाडीकडून, जी १९५९ साली बाजारात आली होती.

हेराल्ड हे नाव ऐकून इथल्या काही ज्येष्ठ मंडळींच्या माना हलल्या. बरोबर आहे. १९६१पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ही कंपनी आपल्याकडे हेराल्ड बनवत होती. अँबॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड, एवढीच तेव्हा नवी गाडी घेणाऱ्याची निवड होती. म्हणजे आज ज्या सांध्याबद्दल आपण बोलणार आहोत, तो मुंबई-पुण्याच्या जुन्या मेकॅनिक लोकांनी उघडलेला आहे. इंग्लंडमध्ये त्याच सांध्यावर लोटस कंपनीनेही विश्वास टाकला. १९६२ साली आलेल्या लोटस एलानच्या पुढच्या चाकामागेही ट्रायम्फकडूनच आलेली व्हर्टिकल लिंक आहे. एका स्वस्त घरगुती गाडीसाठी केलेली रचना इतकी चांगली होती.

आता ही रचना समजून घेऊ. भाग कशासाठी आहे हे कळलं की तो कसा बदलायचा हे अर्धं आपोआप कळतं.

पुढच्या चाकाच्या मागे एक उभा पोलादी भाग आहे. त्याला व्हर्टिकल लिंक म्हणतात. चाकाचा आस याच्यात बसवलेला असतो, ब्रेकचा कॅलिपर याच्यावर असतो, स्टिअरिंगचा दांडा यालाच येऊन मिळतो. या उभ्या भागाला गाडीच्या चासीशी जोडणारे दोन आडवे आर्म असतात, एक वर आणि एक खाली. गॅरेजमध्ये आपण त्यांना अप्पर आर्म आणि लोअर आर्म म्हणतो. वरचा आखूड, खालचा लांब. दोन्ही सारख्या लांबीचे का नाहीत? कारण वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते. आर्म सारखे असते तर तिच्याबरोबर बाहेरचं चाकही तितकंच कललं असतं आणि टायर कडेवर आला असता. वरचा आर्म आखूड असल्यामुळे चाक वर दबलं की त्याचा माथा जरा जास्त आत ओढला जातो, आणि टायर रस्त्यावर बऱ्यापैकी सपाट राहतो.

स्प्रिंग आणि तिच्या आतला शॉकअब्सॉर्बर हे दोन्ही मिळून एकच नळकांडं आहे. त्याचं खालचं टोक लोअर आर्मवर आणि वरचं टोक चासीच्या बुरुजासारख्या भागाला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे : स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. म्हणजे गाडीचं वजन चासीतून स्प्रिंगमध्ये, स्प्रिंगमधून लोअर आर्ममध्ये, आणि तिथून खालच्या सांध्यातून व्हर्टिकल लिंकमध्ये आणि चाकात उतरतं. वरचा सांधा फक्त दिशा धरून ठेवतो. ओझं वाहतो तो खालचा.

आणि हा खालचा सांधाच या गाडीचं वैशिष्ट्य आहे. वर नेहमीचा बॉल जॉइंट आहे, आपल्या खुब्याच्या सांध्यासारखा. खाली मात्र बॉल जॉइंट नाही. तिथे आहे ट्रनियन. हा पितळी जातीच्या मिश्रधातूचा ठोकळा आहे. त्याच्या आत आटे पाडलेले आहेत. व्हर्टिकल लिंकच्या खालच्या टोकालाही आटे आहेत, आणि ते टोक या ठोकळ्यात चक्क स्क्रूसारखं फिरवून बसवलेलं असतं. तुम्ही स्टिअरिंग फिरवता तेव्हा बरणीचं झाकण फिरावं तसं हे टोक ट्रनियनमध्ये थोडंसं फिरतं. संपूर्ण वळणालाही एका फेऱ्याचा छोटा हिस्साच फिरतं. या ठोकळ्यातून एक आडवा बोल्ट जातो, तो त्याला लोअर आर्मशी जोडतो. चाक वरखाली होतं ते या बोल्टभोवती, आणि वळतं ते आट्यांभोवती. एकाच सांध्यात दोन हालचाली. या रचनेमुळे चाक खूप जास्त कोनात वळू शकतं. हेराल्डचं वळणाचं वर्तुळ फक्त २५ फुटांचं होतं. आजच्या छोट्या गाड्यांनाही ते सहज जमत नाही.

इथे एक गंमत सांगतो. डाव्या चाकाचे आटे आणि उजव्या चाकाचे आटे उलट दिशेचे असतात. का बरं? समजा दोन्ही बाजूंचे आटे एकाच दिशेचे असते. मग स्टिअरिंग एका बाजूला वळवलं की दोन्ही लिंक आत शिरून गाडीचं नाक केसभर वर गेलं असतं, आणि दुसऱ्या बाजूला वळवलं की केसभर खाली आलं असतं. वजनाला खाली यायला आवडतं. म्हणजे स्टिअरिंगला एका बाजूचा ओढा लागला असता, कितीही सूक्ष्म असला तरी. उलट आट्यांमुळे एक बाजू वर जाते तेव्हा दुसरी खाली येते, आणि हिशोब मिटतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की डावा आणि उजवा ट्रनियन वेगळे आहेत. पार्सल उघडल्यावर पहिलं काम म्हणजे कोणता कोणत्या बाजूचा ते हाताने फिरवून बघणं आणि चिठ्ठी बांधून ठेवणं.

आता दुखणं कुठे आहे ते बघू. पितळी ठोकळ्यात पोलादी आटे, त्यांच्यावर गाडीचं वजन, आणि हालचाल अगदी थोडी थोडी. हा सांधा जिवंत राहतो तो तेलावर. कंपनीच्या पुस्तिकेत साधारण दर ६,००० मैलांना इथे हायपॉइड गिअर ऑइल भरायला सांगितलेलं आहे. ग्रीस नाही, तेल. पण ठोकळ्याला ग्रीसचा निप्पल बसतो! आणि निप्पल दिसला की गॅरेजमधला पोऱ्या काय करणार? ग्रीसगन लावणार. पन्नास वर्षं जगभर हेच होत आलं आहे.

ग्रीसमध्ये काय वाईट आहे? ग्रीस म्हणजे तेल धरून ठेवणारा एक साबणासारखा पदार्थ. जिथे भाग भराभर फिरतो तिथे ते उत्तम. इथे आटे घट्ट आहेत आणि हालचाल फार कमी. जाड ग्रीस आट्यांच्या वरच्या टोकापर्यंत पोचतच नाही, खाली साचून राहतं आणि वर्षांनुवर्षं उभ्या गाडीत घट्ट होतं. वरून पावसाचं पाणी आत झिरपतं आणि पोलादी आट्यांवर गंज धरतो. पातळ तेल मात्र आट्यांमधून चढत जातं आणि पाण्याला बाहेर ढकलतं.

गंजाने आटे झिजतात, चाक थोडं हलायला लागतं, हे एक. पण खरा धोका वेगळा आहे. गंजाने पोलादावर बारीक खड्डे पडतात. असा प्रत्येक खड्डा म्हणजे ताण एकवटण्याची जागा. चाक प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक ब्रेकला त्या दांड्याला वाकवू बघतं. हजारो वेळा असं झालं की खड्ड्याच्या तळाशी केसासारखी चीर सुरू होते आणि हळूहळू आत सरकते. त्यात तेल नसलेला सांधा जाम होऊ लागलेला असतो, म्हणजे स्टिअरिंग फिरवताना दांड्याला पीळही बसतो. आणि हा पीळ सर्वांत जास्त कधी बसतो? गाडी जवळपास उभी असताना, पार्किंगमध्ये पूर्ण वळण घेताना. म्हणूनच ही लिंक तुटल्याच्या हकिकती बऱ्याचदा गल्लीच्या कोपऱ्यावरच्या किंवा गेटातून बाहेर काढतानाच्या असतात. चाक आडवं होतं, गाडी नाकावर बसते, कुणाला काही होत नाही. पण तीच चीर हायवेवर पूर्ण झाली तर? म्हणून हे काम रंगकामाच्या आधी.

तपासणी कशी करायची ते आता सांगतो. याला महागडी यंत्रं लागत नाहीत.

जॅक लोअर आर्मखाली, शक्यतो बाहेरच्या टोकाकडे लावा आणि चाक जमिनीपासून जेमतेम उचला. असं केल्याने आर्म आपल्या नेहमीच्या कोनाजवळ राहतात आणि सांध्यावरचं वजन उतरतं. मग चाक घड्याळ समजा. बारा आणि सहावर हात ठेवून हलवा. हललं, तर दोषी तीन असू शकतात : चाकाची बेअरिंग, वरचा बॉल जॉइंट, खालचा ट्रनियन. आता कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकने चाक आणि व्हर्टिकल लिंक एकमेकांना जखडली जातात. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग ढिली आहे. खेळ तसाच राहिला तर सांधे गेले आहेत. दुसऱ्या माणसाने सांध्यावर बोट ठेवलं की कोणता ते लगेच कळतं. मग नऊ आणि तीनवर हात ठेवून हलवा. तिथला खेळ बहुधा टाय रॉडच्या टोकाचा किंवा स्टिअरिंग रॅकचा.

लोक म्हणतात, एक मिलिमीटर हललं तर काय बिघडतं? हिशोब करू. समजा वरचा आणि खालचा सांधा एकमेकांपासून २० सेंटिमीटरवर आहेत आणि टायरची उंची ६० सेंटिमीटर आहे. सांध्यातला एक मिलिमीटर टायरच्या माथ्या-तळाच्या फरकात तीन मिलिमीटर होतो. चाक सरळ धरायचा प्रयत्न तुम्ही स्टिअरिंगने करताय आणि चाकाला स्वतःचं मत आहे, असा तो प्रकार.

पण लक्षात घ्या, चीर अशी हलवून कळत नाही. घट्ट, न हलणारा सांधासुद्धा आतून तडकलेला असू शकतो. गाडीचा इतिहास माहीत नसेल तर सांधा उघडून बघण्याला पर्याय नाही.

तर मग उघडू या. या गाडीचं एक मोठं सुख आहे. तिचं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नाही, दोन्ही मडगार्डांसकट गाडीचा अख्खा पुढचा भाग पुढे उलटतो. बॉनेट उलटलं की इंजिन आणि सस्पेन्शन दोन्ही समोर उघडं. शिकणाऱ्यासाठी यापेक्षा चांगली गाडी मिळणं कठीण.

कामाच्या आठवडाभर आधीपासून रोज सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारत राहा. घाईने फिरवून तोडलेल्या एका बोल्टमागे दोन दिवस जातात. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्या, मागच्या चाकांना अडण लावा, आणि चासीखाली दोन्ही बाजूंना मजबूत स्टँड लावा. विटा नकोत, लाकडाचे तुकडे नकोत, नुसत्या जॅकवर तर मुळीच नको. वीट सांगून फुटत नाही.

चाक काढा. कॅलिपर सोडवून तारेने टांगून ठेवा, ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका. टाय रॉडचं टोक आणि वरचा बॉल जॉइंट हे निमुळत्या खाचेत घट्ट रुतलेले असतात. नट काढला तरी ते सुटत नाहीत. नट दोन-चार आट्यांवर ठेवा, म्हणजे सुटल्यावर भाग उडणार नाही. मग ज्या कानात तो बसलाय त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवा आणि समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याचा खणखणीत ठोका द्या. आट्यांवर मारायचं नाही, कानावर मारायचं. कान क्षणभर दबतो आणि निमुळता भाग टुणकन सुटतो.

आता स्प्रिंगचं नळकांडं. वर बुरुजाला तीन नट, खाली आर्ममध्ये एक बोल्ट. हे अख्खं बाहेर येतं, कारण स्प्रिंग शॉकअब्सॉर्बरवरच बंदिस्त आहे. इथपर्यंत धोका नाही. धोका आहे तो पुढच्या पायरीत, स्प्रिंग वेगळी करताना. मधला दांड्याचा नट सुटला की स्प्रिंगला अडवणारं काही उरत नाही. पुन्हा हिशोब करू. एक मिलिमीटर दाबायला २५ न्यूटन लागणारी स्प्रिंग १०० मिलिमीटर दाबून ठेवली आहे असं धरा. तिचा जोर झाला २,५०० न्यूटन, म्हणजे अडीचशे किलोचं वजन. आणि तिच्यात साठलेली ऊर्जा सव्वाशे ज्यूल. साडेबारा किलोचं वजन एक मीटरवरून पडावं, तेवढी. तेही तुमच्या तोंडासमोर. म्हणून चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरा, दोन्ही बाजू सारख्या आवळा, आणि नळकांड्याचं तोंड माणसांकडे ठेवू नका. तसं साधन नसेल तर हे एक काम गॅरेजला द्या. त्यात कमीपणा नाही.

यानंतर येतो या कामातला सगळ्यात चिवट भाग, ट्रनियनचा आडवा बोल्ट. ठोकळ्यात दोन्ही बाजूंनी नायलॉनचे बुश आहेत, त्यांच्या आत पोलादी नळी, आणि नळीतून बोल्ट. नायलॉन गंजत नाही, पण बोल्ट आणि नळी गंजून एक झालेले असतात. नट निघतो, बोल्ट फिरतो, पण बाहेर येत नाही. ठोकून ठोकून आर्म वाकवण्यापेक्षा आर्म आणि ठोकळा यांच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून बोल्ट दोन्हीकडून कापा. बोल्ट, नळी, बुश हे सगळं तसंही नवीनच घालायचं आहे. आर्म मात्र वाचवायचा आहे.

लोअर आर्म चासीपासून काढताना ब्रॅकेट आणि चासी यांच्या मध्ये पातळ पत्र्याचे तुकडे सापडतील. ते कचरा नाहीत. त्या शिम्स आहेत. त्यांनीच चाकाचा कल ठरवलेला आहे. खालचा आर्म बाहेर ढकलला की चाकाचा माथा तुलनेने आत कलतो. कुठून किती निघाल्या ते लिहून ठेवा, फोटो काढा, वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.

आता व्हर्टिकल लिंक हातात आली. ट्रनियन फिरवून काढा आणि आटे डिझेलमध्ये धुवा. हा क्षण निर्णयाचा आहे. चांगल्या आट्यांचे माथे एकसारखे दिसतात. झिजलेल्यांचे माथे धारदार होतात. सर्वांत वरचे आटे, जिथून दांडा ठोकळ्यात शिरतो, तिथे भिंगातून बघा. खड्डे दिसले तर लिंक बाद. हलक्या डागांपलीकडे काही दिसत नसेल, तर क्रॅक तपासणी करून घ्या. रंगद्रव्य मारून किंवा चुंबकीय भुकटीने चिरा दाखवणारी तपासणी इंजिन रिबिल्ड करणाऱ्या बऱ्याच वर्कशॉपमध्ये होते. जुन्या लिंकवर नवा ट्रनियन घालून काम उरकण्याचा मोह होतो, कारण ट्रनियन स्वस्त आहे आणि लिंक महाग. पण तुटते ती लिंक, ट्रनियन नाही. पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण नाही.

जोडणी उलट क्रमाने, पण चार ठिकाणी नीट थांबायचं.

पहिलं, ट्रनियन. वरचं रबरी सील आधी चढवा. आट्यांना तेल लावा, ठोकळा पूर्ण आत जाईपर्यंत हाताने फिरवा आणि मग एका फेऱ्याहून कमी, योग्य दिशेला येईल एवढाच मागे घ्या. गाडीवर बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत मोकळं फिरतंय ना, ते बघा. तळाला टेकलेला आटा वळणाच्या शेवटी अडला तर दांड्यावर नको तो जोर येतो.

दुसरं, नायलॉनचे बुश. बोल्टने आवळायची असते आतली पोलादी नळी. बुश तिच्याभोवती मोकळे फिरायला हवेत. सगळं आवळल्यावर ठोकळा हाताने हलायला हवा, पण लटपटायला नको.

तिसरं, आणि हे कुठल्याही जुन्या गाडीला लागू आहे. आर्म चासीला मिळतात तिथे रबरी बुश असतात. हे रबर बोल्टभोवती सरकत नाही. त्याचं आतलं नळकांडं बोल्टने घट्ट धरलेलं असतं आणि आर्म हलला की रबराला पीळ बसतो. आता गाडी स्टँडवर असताना, चाकं खाली लोंबत असताना तुम्ही हे बोल्ट आवळले, तर रबराच्या दृष्टीने ती लोंबती अवस्था म्हणजे आराम. गाडी चाकांवर आली की ते कायमचं पिळलेलं राहणार. गाडी पुढून उंच दिसणार आणि बुश लवकर फाटणार. म्हणून हे बोल्ट आधी ढिलेच ठेवा. गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून हलवा, पुढे-मागे ढकला, सीटवर माणसाचं वजन द्या, आणि मग पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळा.

चौथं, चाकाची बेअरिंग. ही निमुळत्या रोलरची बेअरिंग आहे. तिला किंचित खेळ ठेवायचा असतो. "घट्ट म्हणजे चांगलं" हा नियम इथे चालत नाही. घट्ट बेअरिंग तापते. खेळ पुस्तिकेप्रमाणे ठेवा आणि स्प्लिट पिन नवी घाला.

शेवटी निप्पलमधून तेल भरा. भरताना चाक उचललेलं हवं. वजन असताना आटे एका बाजूला दाबलेले असतात आणि तेलाला वाट मिळत नाही. वरच्या सीलमधून तेल झिरपेपर्यंत भरा. तिथे तेल दिसणं हा बिघाड नाही, ती पोच आहे. साध्या ग्रीसगनमध्ये पातळ तेल भरलं की ती गळते, म्हणून खाली फडकं ठेवा आणि एक गन फक्त याच कामासाठी राखून ठेवा.

मग अलाइनमेंट. नवे सांधे म्हणजे चाकांची जुनी दिशा राहिलेली नसते. दोरी लावून ढोबळ सरळ करा, हळू चालवत अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत न्या, आणि आकडे गाडीच्या पुस्तिकेतले सांगा, दुकानदाराच्या अंदाजाचे नकोत. थोडे दिवस चालवून सगळे नट-बोल्ट पुन्हा एकदा तपासा.

या सगळ्यातून आम्हाला एकच गोष्ट ठसवायची आहे. ही रचना वाईट नाही. चाळीस-पन्नास वर्षं टिकलेली, रेसिंगवाल्यांनीही उचललेली रचना वाईट कशी असेल? तिची एक अट आहे : मला दर काही महिन्यांनी थोडं तेल द्या. ज्या काळात ती बनली तेव्हा मालक पुस्तिका वाचत होते आणि गाडी ठरल्या वेळी सर्व्हिसिंगला जात होती. नंतर गाडी चौथ्या-पाचव्या मालकाकडे गेली, पुस्तिका हरवली, निप्पल तेवढा राहिला. भाग बदलणं दोन सुट्ट्यांचं काम आहे. ती अट पुढच्या मालकापर्यंत पोचवणं हे खरं काम आहे. जमलं तर बॉनेटच्या आत एक पट्टी चिकटवा : "इथे ग्रीस नको, तेल."

(श्रोत्यांचे प्रश्न)

प्रश्न : सर, रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश घालावेत का?

उत्तर : घालता येतात. ते कडक असतात, स्टिअरिंग नेमकं वाटतं, तेलाने खराब होत नाहीत. पण रस्त्याचे धक्के जास्त जाणवतात. आणि त्यांचं काम वेगळ्या रीतीने चालतं. ते पिळले जात नाहीत, आतल्या नळीभोवती फिरतात, म्हणून बसवताना त्यांच्यासोबत येणारं ग्रीस लावावंच लागतं, नाहीतर करकर सुरू होते. शांत चालवणाऱ्याने चांगल्या प्रतीचं रबर घ्यावं असं आमचं मत.

प्रश्न : एकाच बाजूचा सांधा खराब असेल तर दोन्ही बाजू उघडायच्या का?

उत्तर : हो. दोन्ही बाजूंनी तितकीच वर्षं तेच पाणी आणि तेच ग्रीस खाल्लंय. दुसरी बाजू चांगली निघाली तर उत्तमच, तेल घालून बंद करा. पण न बघता चांगली आहे असं धरू नका. स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर मात्र जोडीनेच बदला, नाहीतर गाडी दोन बाजूंना दोन प्रकारे वागते.

प्रश्न : माझ्या गाडीत आधीच्या मालकाने ग्रीस भरलंय. आता वरून तेल भरलं तर चालेल?

उत्तर : घट्ट झालेलं ग्रीस तेलाची वाटच अडवतं. वरून तेल आलं नाही तर समजा वाट बंद आहे. काका, तुम्ही सांधा उघडा, धुवा, आटे बघा. उघडायचं कारण तुम्हाला आयतंच मिळालं आहे. तोपर्यंत गाडी घरीच ठेवा.